वहीमागचे आधार

दिवाळीनंतर पांढरकवड्याच्या बाजारात कापसाची आवक वाढते आणि पेढीवरील संगणकाला उसंत राहत नाही. काटापट्टी, चुकारा, जीएसटीचे विवरणपत्र हे सारे त्याच्याच भरवशावर चालते. शिवाय कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणून हिशेबाची प्रणाली निवडताना ती आज चालते एवढेच पाहून भागत नाही. ती सहा वर्षांनीही उघडली पाहिजे.

मुक्त स्रोत प्रणालींना परवाना शुल्क नसते व त्यांची आज्ञावली कोणालाही तपासता येते. दृष्टिहीन असलेल्या कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने घडलेली ‘ग्नूखाता’ ही अशीच हिशेबाची प्रणाली. परंतु ती एकटी उभी नाही. ‘पायथॉन’ ही संगणकभाषा, ‘पोस्टग्रेस’ हा माहितीकोश आणि इतरांनी लिहिलेले अनेक लहान घटक तिला आधार देतात. एक आधार निखळला, तर काय होते? मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अवघ्या ११ ओळींचा घटक त्याच्या कर्त्याने मागे घेतला आणि जगभरातील असंख्य प्रकल्पांची जुळणी काही तास अडली.

प्रणाली बसविण्याचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, डेबियन वा उबुंटू यांच्या भांडारातून घेणे. तेथील आवृत्ती जुनी असते. मात्र घटक एकमेकांशी जुळवलेले असतात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या नियमित मिळतात. दुसरा, संगणकभाषेच्या भांडारातून थेट घेणे. येथे नवी आवृत्ती लवकर मिळते. पण प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र कप्पा करावा लागतो व प्रत्येक घटकाची आवृत्ती लिहून ठेवावी लागते. तिसरा, ‘डॉकर’सारख्या बंद पेटीतून सर्व घटक एकत्र घेणे. हे सोयीचे खरे. परंतु कापसाच्या गाठीप्रमाणे आत काय दाबले आहे ते बाहेरून दिसत नाही. पेटी बदलली नाही, तर आतील दोष तसेच राहतात.

नवे तेच उत्तम, हा समजही तपासून घ्यावा. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या घटकात लपविलेली चोरवाट आंद्रेस फ्रॉइंड यांनी उघड केली. ती नव्या आवृत्त्यांत शिरली होती; डेबियनच्या स्थिर आवृत्तीला तिचा स्पर्श झाला नव्हता.

म्हणून पेढीने शक्य तेथे स्थिर भांडारच निवडावे. ते नसेल, तर मूळ निर्मात्यांचीच पेटी घ्यावी; दुसरा मार्ग जाणकार हाताशी असेल तरच. सुरक्षेच्या दुरुस्त्या लांबवू नयेत, पण मोठा बदल विवरणपत्राच्या तारखेच्या तोंडावर करू नये. बदलापूर्वी हिशेबाची प्रत काढावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

शेवटी, कोणती प्रणाली, कोणती आवृत्ती, कोठून घेतली आणि कोणी बसविली, याची नोंद कागदी वहीत असावी. संगणक बंद पडल्यावर तीच उपयोगी पडते.