जुन्या संगणकाची हलकी खिडकी

पेढीवरील वहीपूजनात आता चोपडीशेजारी संगणकालाही कुंकू लागते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या असंख्य चालत्या यंत्रांचे काय करावे, हा प्रश्न घरोघरी उभा राहिला.

अशा एका पेढीचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. यंत्र दोन गिगाबाइट रॅमचे आहे. मुलाचे मत नवा संगणक घेण्याचे. अण्णा पंच्याहत्तरीत असूनही उधारीची नोंद स्वतःच करतात. त्यांचे म्हणणे एवढेच, “नवे घ्या वा जुने ठेवा, पण माझा हात जिथे जातो, तिथे बटण राहू द्या.” हार्ड डिस्क व मदरबोर्ड ठीक असतील, तर अशा यंत्रावर लिनक्स बसवणे हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. मात्र ते हलके चालेल की रखडेल, हे बरेचसे विंडो मॅनेजरच्या निवडीवर ठरते.

पडद्यावरील चौकटी काढणे, त्या हलवणे, लहानमोठ्या करणे व एकीवरून दुसरीवर नेणे, एवढेच विंडो मॅनेजरचे काम. ग्नोम किंवा केडीई यांसारखे पूर्ण डेस्कटॉप त्यासोबत शोध, सूचना, सजावट असा मोठा परिवार आणतात. प्रशस्त यंत्राला तो शोभतो. जुन्या यंत्राची रॅम मात्र त्यातच अडकते. परिवार वगळून केवळ विंडो मॅनेजर ठेवला, तर काहीशे मेगाबाइट मोकळे होऊ शकतात.

हलक्या विंडो मॅनेजरांतही स्वभावभेद आहेत. ओपनबॉक्स नीटस आहे, पण त्याला स्वतःची पट्टी नाही. ती टिंट२ सारख्या वेगळ्या साधनाने जोडावी लागते. ब्लॅकबॉक्सपासून निघालेल्या फ्लक्सबॉक्सला पट्टी आहे. त्याचा मेनू मोकळ्या पडद्यावर उजवी कळ दाबून उघडतो. आयथ्री व डीडब्ल्यूएम चौकटी फरशीसारख्या शेजारी शेजारी मांडतात व मुख्यतः कीबोर्डवर चालतात. ते अतिशय चपळ आहेत. परंतु डीडब्ल्यूएममध्ये बदल करायचा तर मूळ कोड सुधारून तो पुन्हा संकलित करावा लागतो. संगणकतज्ज्ञाला ते रुचेल. गिऱ्हाईक समोर उभे असताना अण्णांना ते उपयोगाचे नाही.

उरतात आइसडब्ल्यूएम आणि जेडब्ल्यूएम. दोहोंत खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू व घड्याळ, हे सारे मुळातच येते. पपी लिनक्समध्ये दीर्घकाळ जेडब्ल्यूएम वापरला गेला. अँटीएक्समध्ये आइसडब्ल्यूएम असतो. विंडोजची सवय असलेल्या हाताला आइसडब्ल्यूएम सहसा परका वाटत नाही. त्याची मांडणी साध्या मजकुराच्या फाइलींत असते. ‘टूलबार’ फाइलीत खातेवही, ब्राउझर व गणकयंत्र अशा तीन ओळी लिहिल्या, की तीन बटणे पट्टीवर कायम दिसतात. ‘स्टार्टअप’ फाइलीतील कामे संगणक उघडताच सुरू होतात. मात्र त्या फाइलीला चालवण्याची परवानगी द्यावी लागते. मराठी टंकलेखनाचे साधनही येथेच नोंदवावे, अन्यथा दर सकाळी ते हाताने सुरू करावे लागेल.

काही गोष्टी आधीच पारखून घ्याव्यात. प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे पाहावे; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२ बिट संगणकांवरील नवी स्थापना थांबवली आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी बनलेले असेल, तर ते लिनक्सवर चालेल असे गृहीत धरू नये. डिजिटल सहीचे टोकन व बिलाचा प्रिंटर प्रत्यक्ष लावून तपासावेत. आणि ब्राउझरची भूक विंडो मॅनेजर भागवू शकत नाही. संगणक उघडल्यावर ‘फ्री’ आज्ञेने रॅम पाहावी, मग ब्राउझर उघडून पुन्हा पाहावी. खरा खर्च कोठे होतो, ते तेथेच कळते. जुन्या डिस्कऐवजी एसएसडी बसवली, तर वेगातील फरक सहज जाणवतो.

प्रथम सर्व हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे; डिस्कवर काही न बसवता ही परीक्षा होते. परीक्षक मात्र मुलगा नसावा. दुकान उघडल्यावर अण्णांना खुर्चीवर बसवावे, एक उधारी लिहायला व एक बिल छापायला सांगावे, आणि मुलाने शेजारी गप्प उभे राहावे. त्यांना विचारावे न लागता दोन्ही कामे झाली, तर निवड बरोबर ठरली. अडले, तर पट्टीवरील बटणांची जागा बदलावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. तेवढ्यानेही काम भागले नाही, तर नव्या यंत्राचा खर्च करण्यात कमीपणा नाही. मात्र त्यावरही ती तीन बटणे त्याच जागी असावीत.