आराखडा यंत्राचा, जबाबदारी आपली



स्मरणिकेच्या या पानावर दरवर्षी आम्ही संघटनेच्या पुढील कार्याचा विचार मांडीत असतो. यंदा एर्लांगेन व परिसरातील तरुण सभासदांनी एक सूचना केली आहे. कार्यक्रमांची माहिती, वंदनेचे पाठ, मुलांसाठी मराठीचे धडे आणि सभासदांची सूची एकत्र देणारे मोबाईल ॲप संघटनेने काढावे, आणि त्याचा आराखडा कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घ्यावा, अशी ती सूचना आहे. ती स्वागतार्ह आहे. म्हणूनच तिचा साधकबाधक विचार व्हावयास हवा.

पूर्वी असे काम व्यावसायिकांना मोठा मोबदला देऊनच करून घ्यावे लागे. आज आपली गरज साध्या भाषेत लिहून दिली की यंत्र काही मिनिटांत पडद्यांची रचना, माहितीचे रकाने आणि कामाचे टप्पे आखून देते; अँड्रॉइडसाठी कोटलिन व आयफोनसाठी स्विफ्ट या भाषांत कोडही लिहिते. वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला हे मोठेच साहाय्य आहे. मात्र हे यंत्र चुकीची गोष्टही तितक्याच ठामपणे सांगते. वंदनेतील पाली शब्द असो वा बाबासाहेबांच्या नावे दिलेले अवतरण, मूळ ग्रंथाशी ताडून पाहिल्यावाचून ते आपल्या ॲपमध्ये जाता कामा नये.

याबाबत एर्लांगेन नगरीचाच एक धडा आपल्यापुढे आहे. ज्या एमपी३ रूपात भीमगीते वर्षानुवर्षे हातोहाती देशोदेशी पोचली, ते तंत्र येथील विद्यापीठ आणि फ्राउनहोफर संस्था यांच्या संशोधनातून घडले. गणित कागदावर जुळले होते. तरीही सुझान व्हेगा या गायिकेने वाद्यांवाचून गायिलेले एक गीत त्यातून बेसूर ऐकू येई. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग यांनी तेच गीत पुनःपुन्हा ऐकून तंत्र सुधारले. १४ जुलै १९९५ रोजी एमपी३ हे नाव निश्चित झाले, त्यामागे अशी अनेक वर्षांची पारख होती.

ॲपच्या बाबतीत अशी पारख सर्वांत आधी सभासदांच्या माहितीची व्हावयास हवी. यंत्र प्रचलित नमुन्यांवरून शिकते. भारतीय कुटुंबांसाठी वधूवर-सूचक विभाग मागितला, तर विवाहविषयक संकेतस्थळांवरील 'जात' व 'पोटजात' हे रकाने ते सहज पुढे ठेवील. ज्या रकान्यातून बाहेर पडण्यासाठी आपल्या वाडवडिलांनी १४ ऑक्टोबर १९५६ पासून धम्माची वाट धरली, तो आपल्याच ॲपमध्ये आपल्याच हाताने भरावयाचा काय? आडनावावरून जात शोधण्याची खोड सातासमुद्रापार आलेली आहे. आपल्या सूचीत नाव असणे एवढ्यानेच एखाद्याची ओळख कार्यालयातील भारतीय सहकाऱ्यांपुढे उघड होऊ शकते. ती केव्हा व कोणास सांगावी, हा अधिकार त्या कुटुंबाचाच आहे. युरोपीय संघाचा २५ मे २०१८ पासून लागू झालेला माहिती-संरक्षण कायदाही त्याच्या ९व्या कलमान्वये धार्मिक श्रद्धा उघड करणाऱ्या माहितीस विशेष संरक्षण देतो.

म्हणून आमची सूचना अशी की पहिल्या आवृत्तीत कार्यक्रम, पाठ आणि मराठीचे धडे एवढेच असावे. त्यासाठी कोणाचेही नाव वा पत्ता विचारण्याची गरज नाही. सभासद-सूची पुढे घ्यावयाची झाल्यास प्रत्येकाची स्पष्ट संमती घ्यावी, आणि आपली नोंद पुसण्याची सोय ॲपमध्येच ठेवावी. ॲपलचे वार्षिक शुल्क ९९ डॉलर असून गूगल प्लेवर एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. दोन्हीकडील खाती संघटनेच्या नावे काढावीत. एखादा कार्यकर्ता नोकरीनिमित्त दुसऱ्या देशी गेला तरी ॲप पोरके होऊ नये. गूगल नव्या वैयक्तिक खात्यांना किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घेण्यास सांगते. संस्थेच्या खात्यावर ही सक्ती नसली तरी आपण ती आपणहून पाळावी. त्या बारांत चष्मा लावून वाचणाऱ्या आजी असाव्यात, आणि मराठी समजते पण वाचता येत नाही अशी येथे जन्मलेली मुलेही असावीत.

संविधानाचा पहिला कच्चा मसुदा सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी तयार केला होता, आणि २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी त्याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने दिले. परंतु मसुदा समितीने तो कलमवार तपासला. पुढे घटना समितीपुढे ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि त्यांना उत्तर देण्याची जबाबदारी प्रामुख्याने बाबासाहेबांनी वाहिली. तयार मसुदा हाती आल्यावर आपले काम संपत नाही, ते तेथून सुरू होते, हे आपल्याला त्यांच्याकडूनच शिकावयाचे आहे.

आगामी सर्वसाधारण सभेत यंत्राने केलेला आराखडा मराठीत छापून प्रत्येक कुटुंबाच्या हाती द्यावा आणि त्यातील रकानान् रकाना चर्चेस घ्यावा, अशी आमची विनंती आहे. संगणकातले आपल्याला काय कळते, असे म्हणून कोणी मागे राहू नये. आपल्या घरातील कोणती गोष्ट चारचौघांत सांगावी, हे ठरविण्यास संगणकाचे शिक्षण लागत नाही.

जयभीम!

— संपादक मंडळ