रस्ता उजळावा, खिडकी नव्हे

चाकणच्या कारखान्यांतली दुसरी पाळी सुटली की शेकडो दुचाक्या अंधारात घराकडे निघतात. खड्डा न दिसल्याने मोडलेली हाडं आम्हा सरकारी डॉक्टरांना नवी नाहीत. म्हणूनच, केंद्राच्या २०१५च्या योजनेत ‘ईईएसएल’ने पालिकांना एलईडी पथदिवे दिले आणि खर्च वीजबिलाच्या बचतीतून फेडायची सोय केली, याचं स्वागत.

पण निळसर पांढरा प्रकाश मेलाटोनिन कमी करून झोप उडवतो, ज्येष्ठांचे डोळे दिपवतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच ३००० केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे पिवळसर आणि वरून झाकलेले दिवे सुचवले. पिंपरी-चिंचवड महापालिकेने पुढच्या प्रत्येक निविदेत हीच अट घालावी. पाळीवरून परतलेल्या कामगाराला सुखरूप वाट हवी, तशीच शांत झोपही.