उपदेशकाने आधी ऐकावे

नाताळ जवळ आला की पाळकाच्या मेजावरील दिवा रात्री उशिरापर्यंत जळू लागतो. गव्हाण, मेंढपाळ आणि देवदूत यांची कथा मंडळीतील लहान मुलालाही पाठ असते. सर्वांस ठाऊक असलेलेच पुन्हा सांगावयाचे, म्हणून नावीन्याचा मोह होतो; आणि नेमका तेथेच उपदेशकाचा पाय घसरतो.

काही वर्षांपूर्वी एका खेड्यातील मंडळीत माझेही असेच झाले. भाष्यग्रंथ उघडून मी चार रात्री जागलो. क्विरीनियाच्या अमदानीतील नावनिशी नेमकी कोणत्या साली झाली असावी, याची सविस्तर मीमांसा लिहिली आणि व्यासपीठावरून ती वाचून दाखविली. उपासना आटोपल्यावर दारात एक वृद्ध मावशी थांबल्या. त्यांचा कर्ता मुलगा त्याच पावसाळ्यात निवर्तला होता. हात जोडून त्या म्हणाल्या, “साहेब, लई अभ्यासाचं बोललात. पण त्या मेंढपाळांचं भ्याव कसं गेलं, तेवढं सांगायचं राहिलं.”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. तयारीच्या त्या दिवसांत मी मावशींच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

विद्वत्ता निरुपयोगी आहे, असे मुळीच नाही. पंडिता रमाबाई हिब्रू व ग्रीक शिकल्या, त्या बायबल सामान्य स्त्रीलाही समजेल अशा सोप्या मराठीत आणण्यासाठी. 1922 साली देह ठेवण्यापूर्वी त्यांनी ते काम पुरे केले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शुभवर्तमान सांगण्यासाठी कीर्तनाची वाट धरली. दोघांच्याही विद्वत्तेने श्रोत्याची सेवा केली. माझ्या विद्वत्तेने माझीच केली.

आता मी क्रम बदलला आहे. सोमवारी शास्त्रभाग वाचतो, मग तीन दिवस घरोघर जातो आणि शुक्रवारी लिहावयास बसतो. जे वाक्य मावशींसमोर बोलवणार नाही, ते खोडतो. पुढल्या नाताळात मी केवळ भयाविषयी बोललो. मावशी काही म्हणाल्या नाहीत. जाताना त्यांनी माझ्या हातावर दोन करंज्या ठेवल्या.

आनंदाची ती वार्ता प्रथम पोहोचली, ती रात्री रानात कळप राखणाऱ्यांकडे. आपल्याकडेही या थंडीत धनगर मोकळ्या शेतात मेंढ्यांजवळ जागत असतात. आणि घराघरांत चिंतेने जागणारे तर कितीतरी. व्यासपीठाची पायरी चढण्यापूर्वी, आपल्या मंडळीत आज कोणाला झोप नाही, एवढे तरी उपदेशकाने विचारून यावे.