सोवळे कान

आपल्याकडे जेवणातले सोवळे सुटले, पण गाण्यातले काही सुटेना. स्वयंपाकघरातून निघालेले हे सोवळे थेट कानांत जाऊन बसले आहे. घरातल्या मुलाने रॉक लावले की वडील मंडळी 'तो गोंगाट बंद कर' म्हणून गरजतात. ऑपेरा लागला की 'कोणाचा गळा कापताहेत?' असा विनोद होतो. ब्लूज म्हणजे काय, हे विचारण्याची तर कोणी तसदीच घेत नाही. उलट, ऑपेरा तेवढे संगीत आणि बाकी सारा धांगडधिंगा, असे मानणारे साहेबी रसिकही आहेत. माझे भांडण दोघांशीही आहे. गाणे ऐकण्यापूर्वी दोघेही त्याचे कुळ विचारतात.

पुराव्यादाखल एकच तबकडी पुढे ठेवतो. 1977 साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. माणसाची ओळख म्हणून प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी ठेवली आणि तीत जगभरच्या 27 रचना घातल्या.

त्यांत मोझार्टच्या 'जादूची बासरी' या ऑपेरातले राणीचे गाणे आहे. द्वेषाने पेटलेली आई मुलीच्या हाती खंजीर देते आणि शब्द मागे पडून नुसते स्वर तारसप्तकापलीकडे ठिणग्यांसारखे उडू लागतात. ज्याने एक तरी तान मन लावून ऐकली आहे, त्याला ही किंकाळी वाटावी याचे मला नवल वाटते. आणि साहेबी रसिकांनी हेही ध्यानात घ्यावे, की 1791 साली हा खेळ प्रथम झाला तो व्हिएन्नाच्या उपनगरातल्या साध्या नाटकगृहात. मधे बोलणे, मधे गाणे, विदूषकी चाळे. थेट आपल्या संगीत नाटकासारखा मामला!

त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन आहे. टेक्सासच्या रस्त्यांवर गाणारा हा आंधळा निग्रो गायक 1927 साली ध्वनिमुद्रिकेसाठी बसला आणि ब्लूजच्या ढंगाचे एक भजन गायला. त्यात शब्दच नाहीत. नुसते कण्हणे, आणि गिटारच्या तारेवरून घसरत जाणारी मींड. 1945 साली हा माणूस दारिद्र्यात मेला. त्याचे ते कण्हणे ऐकताना मला दुभाषा लागत नाही.

तिसरा चक बेरी, 1958 सालचे रॉक. यावर मात्र हरकत निघाली. लोकसंगीताचे थोर संग्राहक अॅलन लोमॅक्स यांना रॉक पोरकट वाटले. ज्या लोमॅक्सनी 1941 साली मिसिसिपीच्या मळ्यावर जाऊन मडी वॉटर्सचे ब्लूज मुद्रित केले, तेच हे लोमॅक्स! आणि 1955 साली चक बेरीला ध्वनिमुद्रण कंपनीची वाट दाखवली ती याच मडी वॉटर्सने. बाप चालला, पोरगा चालेना. निवड समितीचे प्रमुख कार्ल सेगन यांनी उत्तर दिले, की पृथ्वीवर पोरेही पुष्कळ आहेत. मला हा युक्तिवाद बिनतोड वाटतो.

आणि या तिघांच्या पंक्तीला कोण बसले आहे? गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर, त्यांची भैरवी घेऊन. ज्या कलावंत समाजातल्या बायकांचे गाणे प्रतिष्ठितांनी आवडीने ऐकले आणि त्यांना मात्र उंबऱ्याबाहेर ठेवले, त्या समाजातली ही बाई. तिच्या गाण्याबद्दल आज आपण छाती फुगवतो. मग शेजारच्या बेरीला आणि विलीला नाक का मुरडतो?

कोणी म्हणेल, मग सारेच गाणे सारखे का? मुळीच नाही. रद्दी ऑपेरा आहे, रद्दी रॉक आहे, आणि रद्दी ख्यालही काही कमी नाही. पण निवाडा एकेका गाण्याचा करावा, आणि तो ते पुरते ऐकल्यावर. संगीताची उतरंड लावणारा माणूस नकळत माणसांचीच उतरंड लावत असतो. ज्याचे गाणे हलके, तो माणूसही हलका, असा हिशेब त्याच्या मनात असतो. घरातला मुलगा दार लावून, कानांत बोंडे घालून एकटाच ऐकू लागतो, तेव्हा त्या दाराची कडी पुष्कळदा आपणच बाहेरून घातलेली असते.

या दिवाळीत त्याला दार उघडायला सांगा. त्याचे एक गाणे शेवटपर्यंत ऐका, आपली एक भैरवी त्याला ऐकवा. मग खुशाल भांडा.