पांचांत एक मिळविले कीं एकावन्न

ब्रेंडन आइख यांनीं १९९५ सालीं अवघ्या दहा दिवसांत जिचा पहिला नमुना उभा केला, ती जावास्क्रिप्ट ही संगणकभाषा घरीं मुलें शिकत असतील, तर वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. तींत 'व्हेरिएबल' म्हणजे नुसती संज्ञा. 'लेट' योजून ती बांधली, कीं आज तिच्या ठायीं संख्या ठेवावी, उद्यां अक्षरमाला. प्रकार मूल्याचा, नांवाचा नव्हे. 'कॉन्स्ट'नें बांधली तर मात्र दुसरें मूल्य देतां येत नाहीं.

खरा घोटाळा बेरजेंत. पडद्यावरील चौकटींत कोणी इंग्रजी आंकड्यांत ५ लिहिले, तरी भाषेच्या हातीं पडतें तें अक्षर. त्यांत १ मिळविला कीं जणूं संधि होऊन ५१ होतात. वजा केला तर मात्र बिनबोभाट ४! तक्रार नाहीं, सूचना नाहीं. परीक्षेच्या गुणांची बेरीज अशीच बिघडते, आणि मुलगा आपलें गणितच कच्चें समजून बसतो. यासाठीं आधीं त्या अक्षरावर 'नंबर' हा संस्कार करून घ्यावा.

संज्ञेस 'वय' असें देवनागरी नांव खुशाल चालतें. पण देवनागरी ५ वर तोच संस्कार केला, तर उत्तर येतें 'नॅन', म्हणजे संख्याच नव्हे! यांत आमच्या अंकांचा अपमान नाहीं, असें जाणते सांगतात. आम्हांस तें अद्याप पटलेलें नाहीं.