लाल बावटा कोणासाठी?

बोरघाटाच्या रेल्वेची कथा इतिहासप्रेमींना तोंडपाठ असते. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६३ साली गाडी घाट चढली. मध्यंतरी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात येताच वारला आणि पत्नी अ‍ॅलिस हिने काम तडीस नेले. २५ बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा चढ, मुख्य अभियंता जेम्स बर्कले.

कथा खरी आहे, रोमांचकही आहे. मात्र १८६१ साली याच घाटात एका वेळी ४२,००० मजूर राबत होते. सुरुंग, दरडी आणि पटकीने त्यांतले किती नेले, हे इतिहासकारांना आजही अंदाजानेच सांगावे लागते. फोडलेल्या खडकाचे घनफळ तेवढे नोंदले गेले आहे.

‘तो काळच तसा होता’ हे यावरचे ठरलेले उत्तर. ते टिकत नाही. ज्या लंडनमध्ये जीआयपी कंपनीचे संचालक बसत, तिथेच रेल्वे कामगारांच्या अपघातांवर शाही आयोग बसला आणि १९०० साली कायदा झाला. १९०२ च्या नियमांनी रूळदुरुस्तीच्या टोळीला गाडीची पूर्वसूचना देणारा माणूस किंवा यंत्र पुरवणे कंपन्यांवर बंधनकारक केले. जीव वाचवण्याची जबाबदारी कामगाराच्या कानांवरून मालकाच्या माथी आली. पण ती ब्रिटनपुरती.

आता भारतातील कीमनचे सामान पाहावे. हातोडा, पाना, लाल-हिरवे बावटे, फटाके. रूळ तुटलेला दिसला की त्याने ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर तीन फटाके रुळाला बांधायचे आणि बावटा दाखवत गाडी थांबवायची. व्यवस्था चोख आहे. फक्त ती गाडीसाठी आहे. रूळ धड असेल तर गाडी थांबण्याचे कारणच नाही, आणि तेव्हा त्याच्यापाशी उरतात डोळे आणि कान. विजेच्या गाडीचा आवाज उशिरा येतो, पावसात तर येतच नाही. दुहेरी मार्गावर एका गाडीला वाट देताना पाऊल दुसऱ्या रुळावर पडते.

टोळी कामावर असता एकाने केवळ गाडीवर नजर ठेवून शिट्टी वाजवावी, हा नियम भारतातही आहे. पण तो माणूस टोळीतूनच काढायचा असतो. माणसे कमी असली की पहिली काट कुठे बसते, हे सांगायला नको. कीमन तर एकटाच फिरतो.

डॉ. अनिल काकोडकर समितीचा अहवाल २०१२ सालचा. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात कामावर असताना सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि ८,७०० जखमी झाले, असे त्यात नोंदले आहे. एवढ्या माणसांना एकाच वेळी निष्काळजी ठरवणारा युक्तिवाद हा युक्तिवादच नव्हे. २२ जानेवारी २०२४ च्या रात्री वसई रोड-नायगाव दरम्यान लोकलखाली गेलेले तिघे सिग्नलचा बिघाड दुरुस्त करायला उतरले होते. त्या मार्गाची त्यांच्याइतकी माहिती कोणाला असणार?

जवळच्या स्थानकातून गाडी सुटताच हातातल्या यंत्रावर इशारा देणारी ‘रक्षक’ प्रणाली आता आहे. ती टप्प्याटप्प्याने बसवली जात आहे.